चाळीतल्या कांद्याला वारा, घरातल्या माणसाला कोंडवाडा

चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्या आपल्या खेड तालुक्यातल्या माणसाला खेळती हवा म्हणजे काय, हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. कांद्याची चाळ बांधताना तो काय काय करतो ते आठवून बघा. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचलतो, म्हणजे खालून वारा शिरावा. बाजू विटांनी न बांधता बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पट्ट्या फटी ठेवून ठोकतो. कप्पा चार फुटांच्या आसपास ठेवतो आणि थर पाच फुटांच्या वर जाऊ देत नाही, कारण मधला कांदा घामेजला की सडलाच. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी पूर्व-पश्चिम, हेही त्याला तोंडपाठ असते. कोंबड्यांची शेड टाकली तर दोन्ही लांब अंगांना जाळी. गोठ्यात शेणामुताचा वास कोंडला तर जनावर खोकते, म्हणून वरच्या अंगाला मोकळे ठेवायचे.

आणि हाच माणूस जमिनीचे पैसे हातात आले, जुने घर पाडले आणि नवे बांधायला काढले की काय करतो? रस्त्याच्या तोंडाला दोन शटरचे गाळे, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे मोरी-संडास, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती भावकीच्या भिंतींना चिकटलेल्या. पुढच्या भिंतीला काचेची मोठी सरकती खिडकी, ती शोभेची. मागे एक बाय दीड फुटाचा झरोका, त्यालाही पुढे पाण्याची टाकी आडवी. बारा महिने दिवसा ट्यूबलाइट, रात्री पंखा फुल्ल. घर बांधायला लाखो रुपये गेले आणि वारा आत यायचे दारच ठेवायचे राहिले.

हे एका-दोघांचे नाही. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या माळावर कारखाने आले आणि त्या गावांतले वाडे आधी पडले. मग १९९९ साली चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे शेकडो कारखाने आले. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खालुंब्रे, भांबोली, वासुली ही शेतीची गावे बघता बघता खोल्यांची गावे झाली. चाकणची ग्रामपंचायत जाऊन २०१५ साली नगरपरिषद झाली. घर बांधणे हा पूर्वी आयुष्यात एकदा यायचा प्रसंग. आता आपल्या पट्ट्यात तो दर दोन-चार वर्षांनी चालणारा धंदा आहे. खाली घर, वर भाड्याच्या खोल्या, त्याच्यावर पुन्हा पत्रा. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घ्यावा लागतो. शेती गेली तिथे आता खोल्यांचेच पीक आहे.

कोणी म्हणेल, लेखकाला जुन्या घरांचे कौतुक आले. तसे नाही. जुन्या घरात अंधार होता, ढेकूण होते, चुलीच्या धुराने आयाबायांचे डोळे गेले. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे किती घातकी ठरतात ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने दाखवले. सिमेंटचे पक्के घर हवेच. पण जुन्या घरात काही गोष्टी मुकाट्याने काम करीत होत्या, आणि आपण घर बदलताना त्या कशासाठी होत्या हे न विचारता टाकून दिल्या. कौलांच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर निघून जायची. माळवदाला सवणे असायचे, त्यातून उजेड खाली आणि धूर वर. वाड्याला मधे चौक, पुढे ओसरी, मागे परसदार. पुढचे आणि मागचे दार उघडले की माजघरातून वारा सरळ वाहायचा. स्लॅबला फट नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खाली उष्णता ओतत राहतो. म्हणजे कौलाच्या घराला जेवढी हवा लागत होती त्यापेक्षा स्लॅबच्या घराला जास्त लागते, आणि आपण ठेवतो कमी.

आता मुद्द्याचे. वारा एका भोकाने येत नाही. बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारून पाहा, आत काही जात नाही. ज्या खोलीला एकच खिडकी आहे आणि दार लावलेले आहे त्या खोलीत खिडकी कितीही मोठी असली तरी हवा जागच्या जागी राहते. यायला एक वाट आणि जायला दुसरी, समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींना, आणि जायची वाट यायच्या वाटेपेक्षा लहान नको. हे एवढे एक वाक्य गवंड्याला पाया खणायच्या आधी सांगितले तर निम्मे काम झाले.

वाट कुठे ठेवायची? आपल्या भागात उन्हाळ्याच्या दुपारनंतर आणि सबंध पावसाळा वारा पश्चिमेच्या अंगाने येतो, थंडीत तो पूर्वेकडून येतो. म्हणजे पूर्व-पश्चिम वाट मोकळी असलेले घर बारा महिने श्वास घेते. पश्चिमेची भिंत दुपारी तापते हे खरे, म्हणून तिकडे खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा, जमले तर पडवी, आणि थोडे हटून एखादे कडुनिंबाचे झाड. वास्तूवाल्याला बोलावून संडास कोणत्या दिशेला हे विचारायला आपण पैसे देतो. त्याच बैठकीत वारा कोणत्या दिशेचा हेही स्वतःला विचारावे, त्याला दक्षिणा लागत नाही.

किती मोठी ठेवायची, याचाही हिशेब आहे. देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत म्हटले आहे की कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश इतकी उघडी जागा, दार सोडून, असावी. आपला उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट, म्हणून मोठा आकडा धरलेला बरा. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट. तिला सोळा-सतरा चौरस फूट, म्हणजे चार बाय चारची एक खिडकी, किंवा दोन भिंतींत मिळून तेवढी जागा. पण इथे एक फसगत होते. हल्लीची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी चार बाय चारची बसवली तरी एका वेळी निम्मीच उघडते. वर डासांची जाळी लावली की आणखी वारा अडतो. जाळी काढू नका, डेंग्यू परवडत नाही. खिडकीच मोठी घ्या, नाहीतर जुन्या पद्धतीची दोन झडपांची, पूर्ण उघडणारी घ्या. मोरी आणि संडास यांना संहिता ०.३७ चौरस मीटर, म्हणजे चार चौरस फूट उघडी जागा सांगते. आपल्याकडे तिथे एक-दीड फुटाचा झरोका असतो आणि पावसाळाभर भिंतीवर काळी बुरशी. तीच बुरशी मग लहान पोराच्या छातीत घरघर होऊन वाजते आणि आपण म्हणतो हवापालट झाली.

खिडकीबरोबर उंचीवरची भोके विसरू नयेत. गरम हवा वर जाते, आणि लिंटेलच्या वर स्लॅबपर्यंत जी दोन-अडीच फूट भिंत असते तिथे ती अडकून बसते. तिथे समोरासमोर जाळीचे झरोके ठेवले की ती रात्रभर निघत राहते, चोराची भीती नाही आणि बायाबापड्यांना आडोसाही राहतो. दुमजली घराला तर फुकटचे धुराडे मिळालेले असते, ते म्हणजे जिना. जिन्याच्या वरच्या खोलीला, ज्याला आपण टॉवर म्हणतो, वरच्या अंगाला दोन बाजूंनी तिरप्या पट्ट्यांची झडप ठेवा. सगळ्या घराची ऊब जिन्यातून वर खेचली जाईल. बहुतेक जण तिथे लोखंडी दार लावून वर पत्रा ठोकून ते धुराडे बंद करतात. सूचना एवढीच की खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका, कोपऱ्यापासून दोन फूट तरी भिंत राहू द्या, आणि लिंटेलचा पट्टा घराभोवती अखंड फिरवा. हवेच्या नादात भिंतीची ताकद घालवायची नाही.

गावठाणातला खरा अडसर मात्र वेगळाच आहे. भावकी. वाटणीत आलेली पंधरा फुटांची पट्टी, तीत एक इंचही सोडायचा नाही ही ईर्षा, आणि शेजारी चुलतभावाच्या अंगाला खिडकी काढली की भांडण. कायद्याने म्हणाल तर १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणे खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क साधारण वीस वर्षे अखंड, बिनतक्रार उपभोगल्यावर पदरात पडतो. तोपर्यंत शेजाऱ्याने त्याच्या जागेत भिंत घातली तर तुमची खिडकी कपाट होते. म्हणून शेजाऱ्याच्या जागेवर भरवसा ठेवून खिडकी काढूच नये. आपल्याच जागेत मधोमध किंवा मागच्या अंगाला सहा-आठ फुटांचा चौक वर आकाशापर्यंत मोकळा सोडा आणि खोल्यांची तोंडे त्यात काढा. एक खोली कमी होईल, पण उरलेल्या चार खोल्या राहण्यासारख्या होतील. दोघे भाऊ समजूतदार असतील तर दोघांनी मिळून एकच चौक सोडावा. निम्म्या जागेत दोघांचे भागते. असे होताना मात्र क्वचित दिसते.

हा वाद नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ त पुण्यात त्याने हाहाकार केला. रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून जो जुलूम केला त्याचा सूड चिंचवडच्या चापेकरांनी घेतला, हे आपण शाळेत शिकलो. त्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांवर उपाय म्हणून त्या ट्रस्टच्या ऑर नावाच्या अधिकाऱ्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधली मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी, तरच तळमजल्याच्या खोलीला आकाश दिसेल. वीस फूट उंच घर असेल तर दहा फुटांचा बोळ. आपल्या गावठाणात तीन फुटांच्या बोळाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले चढलेत. प्लेग आता नाही, पण क्षय आहे. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत तरंगतात आणि बंद खोलीत तासन्‌तास राहतात. ऊन आणि वाहता वारा हे त्याचे दोन जुने वैरी, आणि तेच आपण बाहेर ठेवले आहेत.

आता स्वयंपाकघर, कारण इथे नुसत्या उकाड्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावोगाव गॅस पोचला, धूर कमी झाला. पण सिलिंडरचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वरच्या झरोक्यातून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि ओट्याखाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कोनाड्याला फरशीलगत बाहेर उघडणारी जाळी हवीच हवी. नळाने येणारा गॅस आणि आपला गोबरगॅस मात्र हवेपेक्षा हलका, तो छताला जाऊन बसतो. त्यासाठी छतालगत झरोका. आज सिलिंडर असेल आणि उद्या नळाचा गॅस येणार असेल तर दोन्ही ठेवा. खर्च चार विटांचा नाही. शेगडीच्या वर, धुराच्या उंचीला एक्झॉस्ट पंखा बसवायला नऊ इंचाचे भोक आधीच ठेवा, नाहीतर नंतर गिलावा फोडायची पाळी येते. पण पंख्यावर सगळे सोपवू नका. आपल्या पट्ट्यात गुरुवारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, भाजीला फोडणी मात्र रोज पडते.

आणि न्हाणीघरातला गॅस गिझर. याबाबत मी हात जोडून सांगतो. बंद मोरीत गिझर जळत राहिला की आतली प्राणवायूची भर कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने तो रक्ताला चिकटतो. अंघोळीला गेलेले माणूस गरगरते, खाली बसते, कडी आतून लावलेली असते. गिझर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, उघड्यावर बसवा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्या. घर बांधताना प्लंबरला एवढे सांगायला एक मिनिट लागते. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणारे भाडेकरू असतील तर त्यांनाही हेच समजावून सांगा. बाहेरून आलेल्या मुलांना इथे सांगणारे दुसरे कोणी नसते.

भाडेकरूंचा विषय निघालाच आहे. कारखान्याच्या शेडवर पत्र्याच्या आढ्याला गरगर फिरणारे चकचकीत गोल पंखे तुम्ही रस्त्याने जाता-येता पाहता. त्यांना वीज लागत नाही, वाऱ्यावर फिरतात आणि आतली गरम हवा ओढून टाकतात. यंत्रांवर काम करणारा माणूस टिकावा म्हणून कारखानदाराने ते बसवले. तोच माणूस रात्रपाळी करून सकाळी आठ वाजता आपल्या खोलीवर येतो, तेव्हा त्याला दिवसा झोपायचे असते. चैत्र-वैशाखात, दुपारी, पत्र्याखाली, एकाच दाराच्या खोलीत. दार उघडे ठेवावे तर मोबाइल जाण्याची धास्ती, लावावे तर भट्टी. असा माणूस पुन्हा रात्री प्रेसवर उभा राहतो आणि मग बोटे जातात. त्याला आपण फक्त कामाचा निष्काळजीपणा म्हणतो. अर्धी झोप आपण बांधलेल्या खोलीने खाल्लेली असते.

खोल्या बांधणाऱ्या बंधूंनी हे मनावर घ्यावे. फार काही करायचे नाही. खोल्यांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून बांधू नका, मधे निदान चार-पाच फुटांचा बोळ सोडा आणि प्रत्येक खोलीला मागच्या भिंतीत गज बसवलेली खिडकी द्या. दाराच्या वर जाळीचा झरोका द्या. पत्रा दहा-अकरा फुटांवर घ्या, आठ फुटांवर नको, वरून पांढरा रंग द्या आणि पाख्यांच्या मधे आढ्याशी वीतभर फट ठेवून तिच्यावर टोपी बसवा. दर दोन-तीन खोल्यांमागे तो फिरता पंखाही बसवता येतो. मागच्या खिडकीचे गज आतून उघडता येतील असे बिजागरीवर ठेवा. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच झोपलेले एका कुटुंबातले चौघे गेले. शटरच्या आत माणसे झोपत असतील तिथे मागे दुसरी वाट असलीच पाहिजे. अशा बांधणीने भाडे कमी मिळते असे म्हणणाऱ्याला माझे सांगणे, खोली रिकामी किती दिवस राहते याचा हिशेब करा. हवेशीर खोली पुण्याहून बदलून आलेला सुपरवायझरही बायकोपोरांसह घेतो.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. बाहेरची हवाच चांगली नसेल तर? तळेगाव-चाकण रस्त्यावरची कंटेनरची धूळ, नाशिक रस्त्यावरचा डिझेलचा धूर, कुठे फाउंड्री, कुठे रंगाची शेड. अशा ठिकाणी लोक सरळ खिडक्या कायमच्या बंद करून एसी लावतात. पण भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा थंड करून फिरवतो. चार माणसे रात्रभर आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेतात. युरोपातल्या थंड देशांत घरे बंद पेटीसारखी असतात म्हणून तिथे यंत्राने गाळलेली हवा आत सोडतात. आपल्या घरांना ते परवडणारे नाही आणि फारसे लागणारही नाही. रस्त्याकडची भिंत जवळजवळ बंद ठेवा, खिडक्या परसाच्या आणि चौकाच्या अंगाला काढा, रस्त्याकडे दाट झाडांची ओळ लावा आणि रस्त्याकडचे झरोके रहदारी कमी असते तेव्हा, पहाटे आणि रात्री, उघडा. जागा घेतानाच कारखान्याच्या धुराड्याचा वारा आपल्याकडे वाहतो का, हे पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा उभे राहून बघावे.

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही दोन शब्द. घराची परवानगी ग्रामपंचायतीने द्यायची की पीएमआरडीएने, यावर चावडीत वाद रंगतात. नोंद करून घरपट्टी लावण्याची घाई मात्र सगळ्यांना असते. घरकुल योजनेत किमान पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे दोनशे एकोणसत्तर चौरस फुटांचे घर सांगितले आहे. हप्ता सोडताना जोते, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर फोटो काढले जातात. लिंटेलच्या फोटोत समोरासमोर दोन खिडक्यांच्या चौकटी दिसतात का, एवढे अभियंत्याने बघितले तर वेगळा कागद लागणार नाही. खोल्या बांधणाऱ्याकडून नकाशा घेताना मागच्या भिंतीची खिडकी आणि मधला बोळ यांवर बोट ठेवून विचारा. हे काम मे महिन्यात करायचे, कारण दिवाळीनंतर बांधकामे सुरू होतात आणि तोवर ग्रामसभेत ठराव झालेला असला म्हणजे कोणाला तोंड वाईट करायची वेळ येत नाही. १ मेच्या ग्रामसभेला बाया येतात, स्वयंपाकघराच्या झरोक्याचे बोलणे त्यांच्यासमोर काढा.

ज्यांचे बांधकाम आत्ता जोत्यावर आले आहे त्यांनी हा मजकूर वाचून गवंड्याला थांबवायला हरकत नाही. विटांचे तीन थर चढायच्या आत खडूने फरशीवर सगळ्या खिडक्या आखा, पूर्वेला तोंड करून उभे राहा आणि प्रत्येक खोलीत वारा कुठून येईल, कुठून जाईल ते बोटाने दाखवा. घरातल्या बाईला बरोबर घ्या. जिथे बोट अडेल तिथे चौकट हलवा. लिंटेल ओतल्यावर हीच गोष्ट करायला ब्रेकर लागतो, आणि ब्रेकरवाला तासाचे पैसे घेतो.